झरा, नहर आणि जाते : मराठवाड्यातील पाणचक्कीच्या एकटेपणाचा शोध

प्रस्तावना

मराठवाड्याच्या जलइतिहासाविषयी लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः विहिरी, बारवा, तलाव आणि किल्ल्यांतील जलव्यवस्था यांकडे जाते. पाण्याची साठवण हा त्या लेखनाचा केंद्रबिंदू असतो आणि दुष्काळी प्रदेशात ते स्वाभाविकही आहे. मात्र पाण्याचा आणखी एक गुण आहे, तो म्हणजे त्याच्या वाहण्यात असलेली शक्ती. या शक्तीचा उपयोग करून धान्य दळणारी यंत्रे पश्चिम आशियात व युरोपात सुमारे दोन हजार वर्षे चालली. हिमालयाच्या खोऱ्यांत 'घराट' या नावाने ती आजही आढळतात. मराठवाड्यात मात्र पाणचक्की म्हटले की छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील एकाच वास्तूचे नाव पुढे येते, आणि ती वास्तू इतकी प्रसिद्ध आहे की परिसरालाच 'पाणचक्की' हे नाव पडले आहे.

एखाद्या वास्तूच्या प्रसिद्धीमुळे तिच्याविषयीचा महत्त्वाचा प्रश्न कधी कधी झाकला जातो. पाणचक्की कशी चालते, हे प्रत्येक पर्यटकाला सांगितले जाते. हे साधे, उपयुक्त आणि फारसे खर्चिक नसलेले यंत्र भोवतालच्या शेकडो गावांत का पसरले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बालाघाटाच्या डोंगररांगांत झरे नव्हते असे नाही. दगड घडविणारे पाथरवट तर गावोगाव होते. प्रस्तुत निबंधात धाराशिव जिल्ह्यातील झऱ्याच्या एका जुन्या कथेपासून आरंभ करून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. हे उत्तर यंत्रविद्येत फारसे सापडत नाही. ते खडकात, धान्यात आणि स्त्रियांच्या श्रमात दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धाराशिवच्या लेण्यातील फुटलेली गाठ

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या कड्यात कोरलेली लेणी सर्वश्रुत आहेत. जेम्स बर्जेस यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांवरील अहवालात त्यांची सविस्तर नोंद घेतली. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, हा वाद जुना आहे आणि येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या लेण्यांशी निगडित मानली जाणारी एक कथा. अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात ती येते. या काव्याचे संपादन डॉ. हिरालाल जैन यांनी केले आणि १९३४ मध्ये ते प्रकाशित झाले. काव्यातील 'तेरापूर' म्हणजे आपल्या जिल्ह्यातील तेर आणि त्यातील लेणे म्हणजे धाराशिवचे लेणे, ही ओळख त्यांनीच मांडली.

कथा अशी की, दक्षिणेच्या मोहिमेवर आलेला राजा करकंड तेरापूरजवळ मुक्काम करतो. डोंगरातील लेण्यात तो पार्श्वनाथाची मूर्ती पाहतो. मूर्तीच्या सिंहासनावर त्याला दगडाची एक गाठ दिसते. ती त्याला विशोभित वाटते. एक जाणता कारागीर त्याला सांगतो की, लेणे कोरताना येथे पाण्याची शीर फुटली होती आणि ती बंद करण्यासाठी ही गाठ बसविलेली आहे. राजा तरीही ती फोडावयास लावतो. पाण्याचा लोट उसळतो आणि लेणे भरून जाते. राजाला पश्चात्ताप होतो.

ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून वाचण्याची आवश्यकता नाही. तथापि तिच्यातील कारागिराचे ज्ञान विचारात घेण्याजोगे आहे. दख्खनचा बेसाल्ट हा एकजिनसी खडक नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला आहे. काही थर घट्ट व भेगाळलेले, तर काही पोकळ छिद्रांनी भरलेले व लवकर झिजणारे असतात. दोन थरांमध्ये अनेकदा तांबड्या मातीसारखा गेरूचा पट्टा असतो आणि तो पाणी खाली झिरपू देत नाही. पावसाचे पाणी वरच्या थराच्या भेगांतून उतरते, या पट्ट्यावर अडते आणि जेथे डोंगराची कड उघडी पडते तेथे बाहेर येते. आपण ज्याला झरा म्हणतो, तो बहुधा असाच उगम पावतो. लेणी कोरणाऱ्यालाही नेमका असाच कडा लागतो. म्हणजे लेण्याची जागा आणि झऱ्याची जागा या एकमेकींच्या शेजारणी आहेत. कोरताना शीर फुटणे ही पाथरवटाच्या नेहमीच्या अनुभवातील गोष्ट असणार.

या कथेत पाणी ही आपत्ती आहे. आज धाराशिव जिल्ह्यात कोणी दगडाची गाठ फोडली आणि पाणी उसळले, तर गुलाल उधळला जाईल. अकराव्या शतकातील कवीला मात्र पाण्याने लेणे बुडणे हे दुःखाचे कारण वाटले. झऱ्याकडे पाहण्याची दृष्टी काळानुसार बदलते, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

काव्यातील लोट मात्र काव्यातच शोभतो. बेसाल्टमधील झरे स्वभावतः अशक्त असतात. खडकाची पाणी साठविण्याची क्षमता अल्प, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात खळाळणारा झरा मार्गशीर्षात बारीक होतो आणि फाल्गुनात बहुधा त्याची केवळ ओल उरते. तुळजापूरचे गोमुखतीर्थ व कल्लोळतीर्थ किंवा येडशीजवळचे रामलिंग यांसारख्या पाण्याच्या ठिकाणी आपल्या पूर्वजांनी देवस्थाने उभारली, याचे एक कारण अशा जागांच्या दुर्मीळतेत असावे. पाणचक्कीच्या प्रश्नाकडे वळताना झऱ्याचा हा स्वभाव विसरता येणार नाही.

नळदुर्ग : पडणारे पाणी

जिल्ह्यात पडणाऱ्या पाण्याचे सर्वांत भव्य दृश्य पाहावयास मिळते ते नळदुर्गच्या किल्ल्यात. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५८०-१६२७) घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हे मध्ययुगीन स्थापत्याचे आश्चर्य आहे. या कामाची तारीख १६१३ अशी दिली जाते. पावसाळ्यात बंधारा भरला की 'नर' व 'मादी' नावाच्या सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि पाणीमहालाच्या सज्जात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. आत मात्र तो कोरडा असतो. १८५३ च्या तहाने हा भाग काही काळ इंग्रजांकडे आला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर यांना या जागेने भुरळ घातली होती.

नळदुर्गच्या बंधाऱ्यात उंची आहे, पाण्याचा मोठा लोट आहे, कुशल बांधकाम आहे. दळणासाठी लागणारी शक्ती तेथे पावसाळ्याच्या काही आठवड्यांत कितीतरी पटींनी वाया जाते. परंतु चक्कीला वर्षातून काही दिवस पडणारा प्रचंड लोट नको असतो. तिला रोज पडणारी, एकसारखी, लहानशी धार हवी असते. आदिलशाही स्थपतींनी बोरीच्या लहरी पाण्याचा जो उपयोग केला, तो त्या पाण्याच्या स्वभावाला धरूनच होता : किल्ल्याच्या रक्षणासाठी साठा आणि सुलतानासाठी दृश्य. हाताशी असलेल्या पाण्याची प्रकृती त्यांनी अचूक ओळखली होती, असेच म्हणावे लागेल.

डोंगरातले पाणी शहरात

एकसारखी धार हवी असेल तर झऱ्याच्या तोंडाशी थांबून चालत नाही. डोंगराच्या पोटात शिरून अनेक शिरांचे पाणी एकत्र करावे लागते. हे तंत्र दख्खनमध्ये बहमनी काळापासून अवगत होते. बीदरजवळची 'करेज', अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाही नहरी व त्यांचे खापरी नळ, बुऱ्हाणपूरचा १६१५ चा कुंडी भांडारा ही त्याची ठळक उदाहरणे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि त्यानंतर काही वर्षांतच उत्तरेकडील डोंगरांतून भूमिगत नहर काढून नगराला पाणी दिले. ती नहर-ए-अंबरी. पुढे औरंगजेबाच्या व निजामाच्या काळात तिच्या जोडीला इतर नहरी आल्या आणि शहर नहरींचे शहर झाले. पाणचक्कीची नहर ही त्यांपैकीच एक. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी तिचा उगम असून त्याचे अंतर साधारण सहा किलोमीटर सांगितले जाते.

या नहरीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पाणी आपोआप वर चढते, असे कौतुकाने सांगितले जाते. पाणी उगमापेक्षा वर कधीच चढत नाही. उगम उंचावर आहे आणि मधला भाग सखल आहे. बंद नळातून आणलेले पाणी सखल भाग ओलांडून पुन्हा जवळजवळ उगमाच्या उंचीपर्यंत उभे राहू शकते, इतकेच. वाटेत ठिकठिकाणी बांधलेले उंच मनोरे नळातील हवा बाहेर सोडतात, दाब मर्यादेत ठेवतात आणि गाळ खाली बसू देतात. पुण्याला कात्रजहून अठराव्या शतकात आणलेल्या नळाच्या मार्गावर अशा बांधकामांना 'उच्छ्वास' म्हणतात. हा शब्द प्रस्तुत लेखकाला कोणत्याही अभियांत्रिकी परिभाषेहून सरस वाटतो.

चक्की कोणी बांधली?

पाणचक्कीच्या कालनिश्चितीत बराच गोंधळ आहे. लोकप्रिय लिखाणात कधी ती मलिक अंबरच्या नावावर जमा होते, कधी तिचे वर्ष १६९५ दिले जाते, कधी १७४४. १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटिअरच्या परंपरेनुसार ती निजामुल्मुल्क आसफजाह याच्या पदरी असलेल्या तुर्कताजखान या सरदाराने बांधविली आणि मशिदीसमोरचा मोठा हौद व कारंजी सुमारे वीस वर्षांनी जमीलबेगखानाने करविली. १७४४ ही तारीख या परंपरेशी जुळते. मलिक अंबरचा मृत्यू १६२६ मध्ये झाला. शहरातील प्रत्येक नहर त्याच्या खात्यावर मांडण्याच्या सवयीतून त्याला चक्कीचेही श्रेय मिळाले असावे. त्याची थोरवी नहर-ए-अंबरीने पुरेशी सिद्ध होते. तिला अशा उसन्या श्रेयाची गरज नाही.

दुसरा गोंधळ बाबा शाह मुसाफिर यांच्याविषयी आहे. पर्यटनविषयक पुस्तिकांत त्यांना सर्रास औरंगजेबाचे गुरू म्हटले जाते. त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी संकलित केलेला 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया' हा फारसी ग्रंथ सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये इंग्रजीत आणल्यानंतर या समजुतीला फेरविचाराची गरज निर्माण झाली आहे. त्या ग्रंथातून दिसणारे बाबा मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचा संबंध होता तो मुख्यतः गाजीउद्दीनखान फीरोजजंग याच्या फौजेतील मध्य आशियाई, म्हणजे तुराणी, सैनिकांशी. हा फीरोजजंग म्हणजेच आसफजाहचा पिता. दूरदेशी आलेल्या, घरापासून तुटलेल्या या शिपायांना खानकाह हा आपल्या मुलखाचा एक तुकडा वाटत असला पाहिजे.

या माहितीमुळे चक्कीचाही अर्थ बदलतो. बुखारा-समरकंदच्या परिसरात कालव्यावरील चक्की ही रोजच्या जीवनातील वस्तू होती. तेथून आलेल्या माणसांना वाहते पाणी दिसले की दळण आठवणे नैसर्गिक होते. पाणचक्की हा दख्खनी नहरविद्येचा आणि तुराणी दळणपद्धतीचा संगम असावा, असा तर्क येथे मांडावासा वाटतो. नहर येथल्या मातीतली, चक्कीची कल्पना परमुलखातून आलेली.

यंत्र आणि त्याची शक्ती

पाणचक्कीचे यंत्र अगदी सरळ आहे. उंचावरून आलेले पाणी तळघरातील आडव्या चक्राच्या पात्यांवर जोराने आदळते. चक्राचा उभा दांडा वरच्या खोलीत जातो आणि जात्याच्या वरच्या तळीला फिरवितो. दंतचक्रे नाहीत. रोमन परंपरेतील उभ्या चाकाच्या चक्कीला ती लागतात, त्यामुळे तिची बांधणी व दुरुस्ती अवघड असते. आडव्या चक्राची चक्की गावचा सुतार आणि पाथरवट मिळून उभी करू शकतात. यंत्र कठीण होते म्हणून ते पसरले नाही, हे स्पष्टीकरण त्यामुळे टिकत नाही.

शक्तीचा हिशोब एका कल्पित उदाहरणाने करून पाहू. सेकंदाला दहा लिटर पाणी सहा मीटर उंचीवरून पडत आहे असे धरू. त्याची शक्ती सुमारे ५९० वॅट होते. अशा चक्रात तिचा एक तृतीयांश भाग जरी कामी आला, तरी दोनशे वॅटच्या आसपास शक्ती मिळते. जाते ओढणाऱ्या व्यक्तीची सलग चालणारी शक्ती साठ वॅट धरली, तर चक्की एका वेळी तीन-चार बायकांचे काम करते. हे फार नव्हे. परंतु चक्की दमत नाही, रात्री झोपत नाही. ती चोवीस तास चालली आणि बाई पहाटेचे तीन तास दळते असे धरले, तर एक चक्की म्हणजे पंचवीसहून अधिक बायकांच्या पहाटा. लंगर चालविणाऱ्या, यात्रेकरू, अनाथ आणि शिपाई यांना रोज जेवू घालणाऱ्या संस्थेला याचे मोल किती असेल, हे सहज लक्षात येते.

त्याच हिशोबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सेकंदाला दहा लिटर म्हणजे दिवसाला ८,६४,००० लिटर. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या मापाने हे पंधरा हजारांहून अधिक माणसांचे पाणी झाले. चक्की हे पाणी पीत नाही, केवळ पुढे सोडते, हे खरे. पाणचक्कीतही हौद, कारंजी व बाग यांनंतर उरलेले पाणी खाम नदीत जात असे. तथापि एवढे पाणी बाराही महिने वाहते ठेवणे बालाघाटातील एखाद्या गावच्या झऱ्याला झेपणारे नव्हते. पाणचक्कीची धार झऱ्याने दिली, पण ती टिकविली नहरीने, आणि नहर टिकविली ती देखभालीचा खर्च सोसणाऱ्या संस्थेने.

गहू आणि ज्वारी

येथपर्यंतचे विवेचन पाण्यापुरते आहे. त्याने प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते, कारण निदान पावसाळा व हिवाळा मिळून चार-पाच महिने चालणाऱ्या चक्क्या डोंगरपायथ्याच्या गावांत शक्य होत्या. त्याही रूढ झालेल्या दिसत नाहीत. उरलेले अर्धे उत्तर प्रस्तुत लेखकाला ग्रंथालयात मिळाले नाही. ते घरात, चुलीपाशी मिळाले.

धाराशिवचे अन्न ज्वारीचे आहे. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, काठवटीतून उचलताना ती तुटते, आणि चवही उतरते. आमच्या घरी चार-सहा दिवसांपेक्षा जास्त पीठ दळून आणले की आजी कुरकुरत असे, आणि विजेची गिरणी दारापासून पन्नास पावलांवर असतानाही ती थोडे थोडेच दळण पाठवी. गव्हाचे तसे नाही. गव्हाच्या पिठातील चिकटपणा बराच काळ टिकतो, त्यामुळे ते एकदम दळून साठविता येते, दूरवर नेता येते, भटारखान्यात शेकडो माणसांसाठी एकाच वेळी मळता येते. तुराणी शिपायांचा नान गव्हाचा. म्हणून खानकाहची चक्की प्रामुख्याने गव्हावर चालत असावी, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

ज्वारी खाणाऱ्या गावाला मध्यवर्ती चक्कीचा लाभ कमी आणि गैरसोय जास्त. ओढ्याकाठी, गावापासून दूर, रोज पायलीभर दळण घेऊन जायचे आणि पाळी येईपर्यंत थांबायचे, त्यापेक्षा घरातले जाते बरे. शिवाय ऋतूंचा मेळही बसत नाही. आपल्याकडची शाळू ज्वारी रब्बीची. तिची खळी होतात फाल्गुन-चैत्रात, नेमके झरे आटतात तेव्हा. धान्य असते तेव्हा पाणी नसते, आणि पाणी असते तेव्हा कणगीचा तळ दिसू लागलेला असतो.

जप्त न झालेली जाती

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी १९३५ मध्ये पाणचक्कीवर लिहिलेला निबंध या संदर्भात मार्गदर्शक ठरतो. पाणचक्की प्राचीन काळीच ज्ञात होती, पण तिचा प्रसार मध्ययुगात झाला, आणि त्यामागे जमीनदारांचा अधिकार उभा होता, असे ते दाखवितात. रयतेने धनी सांगेल त्याच चक्कीवर दळावे आणि त्याबद्दल पिठाचा वाटा द्यावा, अशी सक्ती होती. घरातील हातजाती त्या उत्पन्नाच्या आड येत. इंग्लंडमधील सेंट आल्बन्सच्या मठाधिपतीने चौदाव्या शतकात लोकांची जाती जप्त करून मठात त्यांची फरसबंदी केली. १३८१ च्या उठावात लोकांनी ती फरशी उखडून दगडाचे तुकडे वाटून घेतले.

दख्खनमध्ये असा इतिहास घडला नाही. येथील सत्तेचे हक्क जमिनीच्या उत्पन्नावर, बाजारपेठेवर, जकातीवर होते. घराच्या ओसरीतील जाते त्या हक्कांच्या टप्प्याबाहेर राहिले. वरवर पाहता ही रयतेच्या स्वातंत्र्याची गोष्ट वाटते. जाते घरात राहिले म्हणजे दळण घरात राहिले, आणि दळण घरात राहिले म्हणजे ते बाईच्या वाट्याला राहिले. ब्लॉक यांच्या युरोपात चक्की बसविणाऱ्याला वाचलेल्या श्रमाचा मोबदला वसूल करता येत होता. आपल्याकडे त्या श्रमाला किंमतच नव्हती. ज्याची किंमत नाही ते वाचविण्यासाठी पैसा कोण गुंतविणार? गावच्या पाटलाने ओढ्यावर चक्की बांधली असती तर तिच्यावर दळायला कोणी आले नसते, कारण घरी दळण 'फुकट' होत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठवाड्यातील पाणचक्कीच्या एकटेपणाचे सर्वांत मोठे कारण हे आहे. अशक्त झरे आणि ज्वारीचे पीठ ही दोन कारणे त्याला बळ देतात.

या बिनमोल श्रमाचा दस्तऐवज मात्र उपलब्ध आहे, आणि तो कोणत्याही दफ्तरात नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याहून आरंभिलेल्या कार्यातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून त्या संगणकीय माध्यमातून प्रसिद्ध होत आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठोबा, बाबासाहेब असे सर्व विषय त्यांत येतात. दगडाच्या घरघरीत पुरुषांनी ऐकलेले केवळ गाणे होते. दळणाचा भार गाण्याच्या खाली दबलेला होता. आपण ओव्यांचा गौरव करताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. ओवी जन्मली याचा आनंद रास्त आहे, परंतु पाणचक्की गावात आली नाही, ही त्या आनंदाची एक किंमत आहे.

हे श्रम अखेर वाचविले ते तेलाच्या आणि नंतर विजेच्या गिरणीने. ज्वारीची विरी तेव्हाही जात होती. मग गिरणी कशी स्वीकारली गेली? ती ओढ्याकाठी नसून गावात, पेठेत आली, बारमाही चालली, आणि थोडके दळणही काही क्षणांत देऊ लागली. पाण्यावर अवलंबून असलेल्या यंत्राला यांपैकी काहीच जमणारे नव्हते. गिरणी आल्यावर बाईची पहाट मोकळी झाली, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. दुष्काळी वर्षांत ती पहाट हंड्यांच्या रांगेत गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ते लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होते.

नहरीचे आजचे रूप

पाणचक्कीच्या परिसरात आता महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. हौद आहे, वडाचा विशाल वृक्ष आहे, हौदाखालचे थंडगार दालन आहे, आणि चक्की आता दळणासाठी नसून दाखविण्यासाठी आहे. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण झाले आणि शहराची तहान दक्षिणेच्या गोदावरीकडे वळली. तेव्हापासून उत्तरेच्या डोंगराशी असलेले शहराचे नाते सैल होत गेले. नहरीच्या मार्गावर वस्त्या वाढल्या. भूमिगत वस्तूचे दुर्दैव असे की तिच्यावर काय बांधले जात आहे हे तिला दिसत नाही आणि बांधणाऱ्याला ती दिसत नाही. वास्तूचे जतन आपण जमिनीवरच्या भागापुरते समजतो. पाणचक्कीचे अर्धे अंग मात्र सहा किलोमीटर लांब आणि जमिनीखाली आहे. डोंगराच्या उतारावरील मुरूम उकरला गेला, झाडोरा गेला, पाणलोटात विंधनविहिरी पडल्या, की मनोरे कितीही डागडुजी करून उभे ठेवले तरी त्यांच्यात उच्छ्वास सोडण्यापुरतेही पाणी राहणार नाही.

आपल्या जिल्ह्यात हीच गोष्ट झऱ्यांच्या बाबतीत होत आहे, आणि त्यांना तर पाणचक्कीसारखे तिकीट काढून पाहणारे पाहुणेही नाहीत. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, १९७२ च्या दुष्काळात तो टिकला होता काय, विंधनविहीर आल्यावर कधी आटला, ही माहिती आज सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना तोंडपाठ आहे. पाणी भरणे आणि दळणे ही दोन्ही कामे त्यांचीच होती. महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावच्या बारवेची मापे घेण्याबरोबर या स्त्रियांकडून झऱ्यांची महिनावार यादी लिहून घ्यावी, हे काम एका हिवाळ्यात होण्यासारखे आहे. त्याच वेळी गावातली जाती कोठे आहेत तेही पाहावे. बहुतेक ठिकाणी वरची तळी अंगणात तुळशीपाशी पडलेली आढळते. खालची हातपंपाच्या ओट्याला, बायकांना हंडा टेकविण्यासाठी, बसविलेली असते. टाकीचे घाव तिच्यावर अजून मोजता येतात.